स्वप्नात आलेल्या जनावराचा आपल्यापुरता अर्थ कसा शोधायचा, पायरी पायरीनं

आमच्या घरची बैलजोडी विकली त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. वखरणी ट्रॅक्टरनं होते, डवरणीपुरती जोडी भाड्यानं मिळते, आणि वर्षभर दोन बैलांना कुटार-ढेप पुरवणं परवडेना म्हणून घरच्या माणसांनी ठरवलं आणि एक दिवस पहाटेच जोडी बाजारात नेली. दीड-दोन महिन्यांनी सासूबाईंना त्या जोडीतल्या मोऱ्या बैलाचं स्वप्न पडायला लागलं. "मोऱ्या दारात येऊन उभा राह्यते व, आत येत नाही अन् जातही नाही, नुसता पाह्यते." आठवड्यातून एकदा तरी हेच. सकाळी चहाच्या वेळी सांगायच्या आणि मग दिवसभर गप्प.

घरात लगेच अर्थ सुरू झाले. एक जण म्हणाला बैल म्हणजे नंदी, महादेवाला नारळ फोडा. शेजारच्या काकू म्हणाल्या बैल दारात येणं चांगलं, पैसा येतो. कोणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं की असा बैल दिसला तर घरात आजारपण येतं, ते ऐकून सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तीन माणसं, तीन अर्थ, आणि एकानंही विचारलं नाही की बाई, तुमचं आणि मोऱ्याचं काय होतं.

मला सगळं सांगायचंय ते या एका प्रश्नाबद्दलच. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते, स्वतःची स्वप्नं बरीच वर्षं वहीत लिहिते, आणि बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही बायका कधी कधी स्वप्नांवर बोलत बसतो. त्यातून जे हाती लागलं आणि जे वाचून कळलं ते इथं क्रमानं लिहिते, तुम्हाला घरी करता येईल असं.

सुरुवातीला, भविष्य बाजूला ठेवा

आपल्याकडं स्वप्न म्हटलं की पहिला प्रश्न शुभ का अशुभ. पण आपल्याच जुन्या ग्रंथात काय म्हटलंय ते बघा. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचा भाग आहे, त्यात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: दृष्ट म्हणजे पाहिलेलं, श्रुत म्हणजे ऐकलेलं, अनुभूत म्हणजे अनुभवलेलं, प्रार्थित म्हणजे मनात इच्छा होती ते, कल्पित म्हणजे मनानं रचलेलं, मग भाविक म्हणजे पुढचं सुचवणारं आणि दोषज म्हणजे शरीर बिघडल्यामुळं पडलेलं. आणि चरक स्पष्ट सांगतात की यातले पहिले पाच प्रकार निष्फळ, त्यांचं फळ बघायचं नाही. दिवसा पडलेलं, फार छोटं, फार लांबलेलं स्वप्न, तेही नाही. म्हणजे सातातले पाच त्यांनीच भविष्यातून काढून टाकले. आपली म्हणही तेच सांगते, मनी वसे ते स्वप्नी दिसे.

मी कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाहीये. बुद्धांच्या आईच्या, महामायेच्या, स्वप्नातला पांढरा हत्ती आमच्या गावातल्या बौद्ध घरांमध्ये लहान पोरालाही माहीत असतो, महावीरांच्या आईची, त्रिशलामातेची, स्वप्नं जैन घरांमध्ये तितक्याच आदरानं सांगतात. त्या कथांमधला अर्थ त्या परंपरेचा आहे, तो तिथं शोभतो. पण तुमच्या स्वप्नात हत्ती आला तर तो तुमचा हत्ती आहे, आणि त्याची उकल तुमच्याच आयुष्यात शोधावी लागेल. आणि स्वप्न ऐकून तुम्हाला घाबरवून पैसे, कोंबडं, बकरं मागणारा कोणी भेटला तर त्याच्याकडं परत जाऊ नका.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात त्याचंही सांगते. १९५३ मध्ये शिकागोला युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन या दोघांनी झोपेचा तो टप्पा ओळखला ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. ठळक स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. तो साधारण दर दीड तासानं येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो, म्हणून पहाटेचं स्वप्न मोठं असतं आणि तेव्हाच जाग येते म्हणून लक्षात राहतं. खरं होण्याशी त्याचा संबंध नाही, लक्षात राहण्याशी आहे.

पायरी १: स्वप्न हातातून निसटायच्या आत पकडायचं

जाग आली की लगेच उठू नका. ज्या कुशीवर होता त्याच कुशीवर डोळे मिटून मिनिटभर पडून राहा आणि शेवटचं काय दिसलं तिथून मागं मागं जा. मोबाईल उचलला की संपलं, दोन मेसेज वाचले की स्वप्न गेलंच समजा. मला माहिती आहे की आपल्याकडं बायकांना पहाटे उठून झाडझूड, पाणी, दूध काढणं असतं, पडून राहायला कोण देतं, तर मी काय करते की कोठ्याकडं, म्हणजे गोठ्याकडं, जाता जाता स्वप्न स्वतःशी पुटपुटत राहते आणि चूल पेटली की वहीत चार ओळी लिहिते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करावं, नातवाला सांगितलं तर तो लावून देतो. रात्री झोपताना मनात एकदा म्हणायचं, उद्या स्वप्न लक्षात ठेवीन. ऐकायला साधं वाटतं पण आठ-दहा दिवसांत फरक पडतो.

लिहायचं कसं हे महत्त्वाचं आहे. "स्वप्नात साप आला" हे लिहून काही उपयोग नाही. कोणता साप, केवढा, कुठं, तोंड कुणीकडं, तो काय करत होता, तुम्ही काय करत होता, अंगात कसं वाटत होतं, आणि कुठं थांबलं. आणि जसं आत्ता घडतंय तसं लिहा, घडून गेल्यासारखं नको. माझ्या वहीतलं एक टिपण देते:

"आमचं जुनं मातीचं घर. मी फडताळातून मिठाची बरणी काढतेय. बरणीमागं मांजर, पांढरं, एक कान फाटलेला. पिल्लाला चाटतेय. पिल्लू एकच. मला वाटतं की बाकीची कुठं गेली, आणि मला विचारायची लाज वाटते. बरणी परत ठेवते. जाग."

यातलं फाटलेला कान, मीठ, एकच पिल्लू, विचारायची लाज, हे सगळं पुढं कामाला येतं. "मांजर दिसलं" एवढंच लिहिलं असतं तर कोणीतरी म्हटलं असतं मांजर म्हणजे अपशकुन, आणि मी तेच धरून बसले असते.

पायरी २: साधी कारणं आधी झाडून काढा

अर्थाच्या मागं लागायच्या आधी गेल्या दोन-तीन दिवसांत काय झालं ते बघा. व्हॉट्सअॅपवर बिबट्याचा व्हिडिओ आला होता का. वावरात जागलीला गेला होता आणि रात्रभर रोही-डुकरांना हाकलत होता का, तसं असेल तर स्वप्नात डुक्कर येणारच, त्यात गूढ काही नाही. टिनावर मांजरं भांडत होती, कुत्रं रडत होतं, असा खरा आवाजही स्वप्नात शिरतो. ताप असला तर स्वप्नं चित्रविचित्र पडतात. बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांनी, प्रोप्रानोलोल त्यातली एक, भयंकर स्वप्नं पडू शकतात, नवीन गोळी सुरू झाल्यावरच स्वप्नं सुरू झाली असतील तर डॉक्टरांना सांगा, मनानं गोळी बंद करू नका. रोज पिणाऱ्या माणसानं एकदम दारू सोडली तरी काही दिवस फार ठळक स्वप्नं पडतात.

आणि सापाचं इथंच सांगते, ही गोष्ट स्वप्नांच्या अर्थापेक्षा मोठी आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो. तो रात्री फिरतो, त्याचे दात बारीक असतात, चावलेलं बऱ्याचदा कळत नाही, सूजही फारशी येत नाही. माणसाला अर्धवट झोपेत काहीतरी सळसळल्यासारखं वाटतं आणि सकाळी तो म्हणतो स्वप्नात साप पाहिला. म्हणून सापाचं स्वप्न पडून जाग आली आणि पोटात दुखतंय, पापण्या जड होतायत, उघडत नाहीयेत, गिळायला किंवा बोलायला जड जातंय, असं काहीही असेल तर अर्थबिर्थ सगळं सोडा, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा, प्रतिविष तिथं मिळतं. साप, कुत्रं, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरात कात सापडली होती आणि मग सापाचं स्वप्न पडलं तर आधी टॉर्च घेऊन अडगळ बघा, बाजेवर मच्छरदाणी खोचून झोपा. मन कधी कधी एवढंच सांगत असतं.

पायरी ३: जनावर नंतर, आधी वाटणं

स्वप्नाच्या खाली एक शब्द लिहा, काय वाटत होतं. आपली भाषा यात श्रीमंत आहे, नुसतं "भीती" लिहून थांबू नका. धाक होता का, कीव, लाज, हुरहुर, चीड, उबग, माया? जीव वरखाली होत होता का छातीवर दगड ठेवल्यासारखं? वाघ समोर आहे आणि भीती अजिबात नाही, उलट बरं वाटतंय, असं स्वप्न वेगळं. शेळी समोर आहे आणि थरकाप सुटलाय, ते वेगळं. पुस्तकात शेळीचा एकच अर्थ छापलेला असतो, त्यात हा थरकाप कुठं बसवणार?

सासूबाईंना मी विचारलं मोऱ्या दिसला की काय वाटते, तर मला वाटलं दुःख म्हणतील. त्या म्हणाल्या, "लाज वाटते." मला तेव्हा काही समजलं नाही. लिहून ठेवलं.

पायरी ४: त्या जनावराशी तुमचा हिशेब मांडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. एका पानावर जनावराचं नाव लिहा आणि तीन गोष्टी आठवा: या जनावराची पहिली आठवण कोणती, शेवटची कोणती, आणि आपल्या घरात त्याच्याबद्दल काय बोललं जातं.

सापच घेऊ. एकाच गल्लीतली तीन माणसं. एक शेतकरी, त्याच्या वावरात मोठी धामण आहे, ती उंदीर खाते म्हणून तो तिला कोणाला मारू देत नाही, पोरांना सांगतो ते आपलं राखणदार आहे. दुसरी बाई, तिचा भाऊ सोयाबीनच्या गंजीजवळ घोणस चावून गेला. तिसरा माणूस दरवर्षी नागपंचमीच्या आधी पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातो, डोंगर चढतो, पाय सोलून येतात आणि तरी पुढच्या वर्षी परत जातो. या तिघांच्या स्वप्नात एकाच रात्री साप आला तर तुम्ही एक अर्थ सांगाल? पहिल्याच्या घरात कोणीतरी राखण करतंय किंवा राखण सुटलीय, दुसरीचं जुनं दुःख वर आलंय, तिसऱ्याचा नवस नाहीतर ओढ. तसंच काही गोंड कुळांमध्ये कासव कुळाचं असतं, त्याला इजा करत नाहीत. अशा घरातल्या माणसाच्या स्वप्नातलं कासव आणि माझ्या स्वप्नातलं कासव सारखं कसं असेल?

तिसरी गोष्ट, घरात काय बोललं जातं, ती लोक सोडून देतात आणि तिथंच बऱ्याचदा गाठ सुटते. मराठीत जनावरांच्या म्हणी किती आहेत बघा, घाण्याचा बैल, गरीब गाय, माकडाच्या हाती कोलीत, बळीचा बकरा, वाघ म्हटलं तरी खातो अन् वाघोबा म्हटलं तरी खातो. झोपेत मनाला बोलता येत नाही तर ते म्हणीचं चित्र करून दाखवतं. आमच्या गावातला एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे धावायचा. त्याला स्वप्न पडायचं की सरडा काट्याच्या कुपाकडं पळतोय आणि कुपाशी येऊन थांबतोय, पुन्हा पळतोय, पुन्हा थांबतोय. सरड्याचं आणि त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पहिली आठवण नाही, शेवटची नाही. मग मी विचारलं, घरात सरड्यावरून कोणी काही म्हणतं का? तो एकदम गप्प झाला. भरतीत पहिल्यांदा राहिला तेव्हा काका चार लोकांत म्हणाले होते, सरड्याची धाव कुपाटीपर्यंत. पोरानं हसून नेलं होतं. झोपेत नाही हसून नेता आलं.

म्हणून पानावर त्या जनावराच्या सगळ्या म्हणी, शिव्या, लाडाची नावं लिहून काढा. तुम्हाला लहानपणी कोणी डुकरा म्हणायचं का, कोणी चिमणी म्हणायचं का. तेही लिहा.

पायरी ५: जनावराच्या तोंडून बोला

फ्रिट्झ पर्ल्स नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, ते माणसाला स्वप्नातल्या प्रत्येक गोष्टीच्या तोंडून बोलायला लावायचे, "मी" म्हणून. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, म्हणून एकटे असताना करा, वावरात करा. "मी वाघ आहे" असं सुरू करायचं आणि मी कुठं आहे, मला काय दिसतंय, मला काय पाहिजे, एवढं मोठ्यानं बोलायचं. आधी विचार करून ठेवू नका, तोंडातून येईल ते येऊ द्या.

सासूबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या तेव्हा मी हे विचारलं. "म्या काय बोलू त्याच्याकडून," म्हणत त्यांनी सूप हलवलं. मग खडा काढायला बोट घातलं, तसंच ठेवलं, आणि खाली बघतच बोलल्या.

"मी मोऱ्या. मी दारात उभा आहो. तू मले पाहून रायली." जरा थांबल्या. "तुह्या हाती तांब्या नाही."

मी काही बोलले नाही. त्यांनीच पुन्हा म्हटलं, "तांब्या नाही." आणि मग बैलाचं सोडून स्वतःचं सुरू झालं. "त्या दिशी मले उठवलंच नाही कोणी. मी उठली तं कोठा खाली. त्याचे पाय नाही धुतले, कुंकू नाही लावलं, भाकरीचा तुकडा नाही देल्ला. बारा वर्सं माह्या दारातून पोळी खाल्ली त्यानं."

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, आवतन देतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोळा फुटला की जोडी दारात येते, घरची बाई तांब्यातलं पाणी खुरांवर घालते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. बैल विकला तरी त्याचे पाय धुऊनच त्याला दाराबाहेर काढायचं ही रीत. बैल दारात उभा राहतो, आत येत नाही आणि जातही नाही, कारण पोळ्याला तो तिथंच उभा राहतो, पाय धुवायची वाट बघत. आता "लाज" कुठून आली ते मला कळलं. आणि हे जगातल्या कोणत्याही पुस्तकात, बैल या शब्दाखाली, कसं सापडणार होतं?

पायरी ६: सध्या असं कुठं होतंय?

जुनी आठवण सापडली म्हणून तिथंच थांबू नका. स्वप्न आत्ता पडतंय तर आत्ताच्या दिवसांत त्याची जोडी असते. स्वप्न एका वाक्यात आणा आणि जनावराचं नाव काढून टाका. सासूबाईंचं वाक्य झालं, "मला न विचारता नेलं आणि माझे हात रिकामे राहिले." मग विचारायचं, सध्या घरात असं कुठं होतंय. त्या वेळी वावराचा एक तुकडा ठेक्यानं द्यायचं चाललं होतं आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं हे सगळं माजघरातून ऐकलं. पुढं विहिरीच्या कामाचा कागद करायचा होता तेव्हा तो आधी स्वयंपाकघरात येऊन आईपाशी बसला.

दुसरं एक उदाहरण वाघाचं. आमच्या भागात टी१ म्हणजे अवनी या माणसं मारणाऱ्या वाघिणीचा धाक होता तेव्हा, २०१८ च्या नोव्हेंबरात ती मारली गेली तोपर्यंत, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना वाघाची स्वप्नं पडायची. ती प्रतीकं नव्हती, ती वाघाची स्वप्नं होती. फिनलंडचे आंट्टी रेव्होन्सुओ यांनी २००० मध्ये मांडलंय की धोक्याचा सराव करणं हे स्वप्नांचं एक मूळ काम असावं, आणि त्या दिवसांत ते मला पटलं. जंगलाला लागून वावर असेल, ताडोबा, मेळघाट, नागझिरा कुठंही, तर वाघाच्या स्वप्नाचा पहिला अर्थ वाघ हाच. गटानं जा, वाकून काम करताना एकीनं उभं राहून बघा.

पण वाघीण गेल्यावरही एका बाईच्या स्वप्नात वाघ येतच राहिला. तो हल्ला करत नव्हता, पऱ्हाटीच्या शेवटी बसलेला असायचा. नेमका कुठं, असं विचारलं तर म्हणाली धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. कोणत्या धुऱ्यावर? भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, बाजूच्या. दरवर्षी तो धुरा एक-एक तास, म्हणजे नांगराची एक-एक ओळ, आत सरकत होता आणि नातं तुटेल म्हणून हे नवरा-बायको बोलत नव्हते. वाघ बसला होता ती जागा हाच अर्थ होता. म्हणून जनावर कुठं बसलंय, उभं आहे, ते कधी सोडू नका.

अर्थ बरोबर लागला हे कसं ओळखायचं? तो ऐकायला हुशार वाटतो म्हणून नाही. बरोबर अर्थ लागला की अंगाला कळतं, डोळ्यात पाणी येतं किंवा मोठा श्वास सुटतो किंवा माणूस गप्प होतो त्या पोरासारखा. आणि नुसतं "हो, असेल तसं" असं वाटलं तर ते सोडून द्या, पानभर अर्थ लावून स्वतःला फसवू नका.

दुसऱ्याचं स्वप्न ऐकताना एक नियम आम्ही पाळतो. मॉन्टेग्यू उलमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं गटात स्वप्नं ऐकायची पद्धत बसवली, त्यात ऐकणारा म्हणतो, "हे स्वप्न मला पडलं असतं तर मला असं वाटलं असतं." तुझ्या स्वप्नाचा अर्थ हा, असं कधीच म्हणायचं नाही. आमच्या बैठकीत कोणी चुकलं की बाकीच्या लगेच टोकतात. स्वप्न ज्याचं, शेवटचा शब्द त्याचा.

पायरी ७: जागेपणी एक लहानशी कृती

अर्थ कळला आणि वही मिटली तर स्वप्न बहुतेक परत येतं. काहीतरी हातानं करा, लहानसंच. त्या वर्षी डवरणीला भाड्याची जोडी आली तेव्हा सासूबाईंनी त्या माणसाला सांगितलं, घरावरून घेऊन जा बाबू. दारात पाय धुतले, कुंकू लावलं, गुळ-भाकर दिली. त्या माणसानं काही विचारलं नाही. त्यानंतर मोऱ्या महिनाभर आला नाही, मग एकदा आला, पण दारात नव्हता, धुऱ्यावर चरत होता म्हणे, पाठमोरा. पोरानं मात्र काकांना काही म्हटलं नाही, कुपाटीचं स्वप्न आईला सांगितलं, त्याला तेवढं पुरलं.

तेच ते भयानक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, समजा डुक्कर मागं लागतंय आणि पाय उचलत नाहीत (डोळे भराभर हलतात त्या झोपेत अंगाचे स्नायू खरंच सैल पडलेले असतात), तर एक उपाय आहे ज्यावर चांगला अभ्यास झालाय. बॅरी क्राको आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ मध्ये अत्याचार सोसलेल्या बायकांवर तो करून पाहिला आणि त्यांची भयस्वप्नं कमी झाली. दिवसा, उजेडात बसून ते स्वप्न लिहायचं आणि शेवट बदलायचा, तुम्हाला हवा तसा. डुक्कर येतंय, मी टॉर्च त्याच्या डोळ्यावर धरतो, आमचं कुत्रं पऱ्हाटीतून निघतं, डुक्कर नाल्याकडं वळतं. हे नवं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं, जुनं नाही, नवं. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नका, जरा हलक्यापासून करा.

महिन्याभरानं वही उलटून बघा

एकेका स्वप्नापेक्षा ओळीनं वाचलेली दहा स्वप्नं जास्त बोलतात. कोणतं जनावर परत परत येतंय, ते जवळ येतंय का लांब जातंय, बांधलेलं होतं ते सुटलं का, आधी तुम्ही पळत होता आणि आता उभे आहात का. माझं ते एका पिल्लाचं मांजर सहा महिन्यांत चारदा आलं, दर वेळी बरणी वेगळी. अजून मला पूर्ण कळलेलं नाही, आणि मी घाई करत नाही.

कधी वहीचं काम नाही, डॉक्टरचं आहे

वाघ-अस्वलाच्या हल्ल्यातून, सर्पदंशातून वाचलेला माणूस रोज रात्री तेच बघून दचकून उठत असेल, झोपायलाच घाबरत असेल, तर त्याला अर्थ विचारत बसू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि वयस्क माणूस, पन्नाशीच्या पुढचा, झोपेत खरोखर लाथा-बुक्क्या मारत असेल, कुत्र्याला हाकलतो म्हणून बाजेवरून पडत असेल, तर तो झोपेचा आजार असू शकतो, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

लेकरांचं

लहान मुलांच्या स्वप्नात मोठ्यांपेक्षा जनावरं जास्त असतात, त्यात काळजीचं काही नाही. रात्री रडत उठलं तर लगेच मीठ-मिरची ओवाळून पुन्हा झोपवू नका, आधी कुशीत घ्या, आणि सकाळी विचारा, कसं होतं रे ते, केवढं होतं, त्याला भूक लागली होती का. पाटी द्या, चित्र काढू द्या. एका चार वर्षांच्या पोरीनं काळं कुत्रं काढलं, पाटीभर मोठं. मी विचारलं, याला काय पाहिजे? तिनं शेपटाजवळ एक बारीक गोल काढला आणि म्हणाली, "याचं पिल्लू आहे, ते थंडीनं कुडकुडून रायलं, याले पोतं द्या." घरी नवा भाऊ आला होता आणि हिला आजीजवळ झोपवायला लागले होते. त्या रात्री आईनं तिला आपल्या गोधडीत घेतलं.